हुरड्यापायी टॅक्स भरणारे हबीबसर

आयुष्यभर मी इन्कम टॅक्सची वकिली केली. औरंगपुऱ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. खाली बसलेले पेशंट आणि वर बसलेले माझे पक्षकार, चेहरे दोघांचे सारखेच. वर येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणंही एकच, ‘वकीलसाहेब, कसंही करा, पण यातनं सोडवा.’ त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, माझी भाकरी त्यावरच होती. पण एक गृहस्थ असे भेटले, की ज्यांना टॅक्समधनं सोडवायला मी जिवाचा आटापिटा करायचो आणि ते दर साली हसत हसत, विमानाचं तिकीट काढून, त्यात येऊन पडायचे. ते म्हणजे आमचे हबीबसर.

सय्यद हबीबुद्दीन हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, सडपातळ, नाक असं धारदार की चष्मा त्यावर टिकतो कसा हेच कोडं. भर मे महिन्यात, गुलमंडीवर डांबर वितळत असताना, हा माणूस गळ्यात टाय बांधून चालायचा. मी एकदा म्हणालो, “सर, निदान उन्हाळ्यात तरी सोडा तो टाय.” तर म्हणाले, “मियाँ, टाय सोडला की माझं इंग्रजी उतरतं.” सर इंग्रजीचे मास्तर. शिकले मात्र निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा पोरवयातच होते. मग सगळंच बदललं, तसे हेही बदलले. मराठी शिकले, इंग्रजी शिकले आणि इथल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. पुढं आखातातल्या एका शहरातनं बोलावणं आलं. तिथल्या अरब पोरांना इंग्रजी शिकवायचं, राहायला घर, येण्याजाण्याचं तिकीट, आणि टॅक्स नावाची चीजच तिकडं नव्हती. सर गेले. त्यांच्या तिथल्या शिकवण्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, की गुलमंडीवरचा एक कापडवाला त्या गावी बँकेत गेला, तर काउंटरवरचा अरब कारकून त्याला फर्ड्या इंग्रजीत सगळं समजावून शेवटी म्हणाला, “नक्को सर, टुडे नक्को.” कापडवाल्यानं तिथंच ओळखलं, हा हबीबसरांचा विद्यार्थी!

आता कायदा सांगतो. घाबरू नका, दोनच वाक्यांत सांगतो. त्या काळी परदेशात नोकरी करणारा मास्तर वर्षातले ठरावीक दिवसच इथं राहिला, तर त्याच्या तिकडच्या पगाराला इथलं सरकार हात लावत नाही. त्याहून जास्त राहिला, तर तो इथलाच धरला जातो आणि सगळा पगार इथल्या टॅक्सखाली येतो. बस्स. ही गोष्ट आखातात गेलेल्या प्रत्येक फोरमनला, नर्सला, ड्रायव्हरला तोंडपाठ होती. लोक पासपोर्टवरचे शिक्के जपमाळेसारखे मोजायचे. एक इंजिनीअर तर बापाच्या आजारपणालाही तारखा पाहून आला होता. आणि आमचे सर! उन्हाळ्याची लांबलचक सुटी इथं काढायचे, त्यातच बहुतेक सगळी मर्यादा संपायची. उरलेल्या थोडक्या दिवसांवर गप्प बसावं ना माणसानं? नाही. जानेवारीत तिकडं सहामाहीची सुटी लागली, की स्वारी पुन्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर. टायसकट.

पहिल्या वर्षी मला वाटलं, बिचाऱ्याला माहीत नसेल. मी कायद्याचं पुस्तक उघडून ते कलम त्यांच्यापुढं ठेवलं. सरांनी खिशातनं लाल पेन काढला. मी म्हणतोय, “अहो, पुस्तक माझं आहे,” तोवर त्यांनी दोन ठिकाणी खुणा केल्यासुद्धा. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, “दहापैकी चार मार्क. वाक्य सुरू होतं पण संपतच नाही. हे कुणी लिहिलंय?”

“संसदेनं, सर.”

“मग पास करा,” म्हणाले. “मोठ्या घरची पोरं आहेत.”

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, “सर, जानेवारीत येताच कशाला? मार्च सरू द्या. एप्रिलमध्ये या, नवं वर्ष लागतं, कुणी काही विचारत नाही.”

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी वर्गात शिट्टी वाजवली. “एप्रिलमध्ये हुरडा कोण देणार? तुमचं इन्कम टॅक्स खातं?”

तर असं होतं ते. हुरडा! करमाडला रंगनाथ काळे नावाचा सरांचा शाळासोबती होता. त्याच्या विहिरीजवळच्या पट्टीत दर साली गुळभेंडी ज्वारी. कोवळ्या दाण्यात दूध भरतं आणि ते घट्ट होतं, त्या मधल्या आठ-दहा दिवसांचाच काय तो हुरडा. आधी गेलात तर पाणी, नंतर गेलात तर ज्वारी. तो ना सरकारसाठी थांबतो, ना विमान कंपनीसाठी. आणि रंगनाथरावांच्या शेतात एक रिवाज होता, की हबीब आल्याशिवाय आगटी पेटायची नाही. खड्ड्यात गोवऱ्या रचलेल्या, कणसं कापायला आलेली, घरची माणसं, सोयरे, पाव्हणेरावळे बांधावर तोंडाला पाणी सुटून बसलेले, आणि रंगनाथराव जालना रोडकडं तोंड करून उभे. कुणी म्हटलं, “आबा, पेटवा की,” तर म्हणायचे, “हबीब्याला येऊ द्या. कणसं कुठं पळून जात नायत.” खरं तर कणसंच पळून जात होती, दिवसागणिक निबर होत होती. म्हणून सरांना वेळेवर पोचणं भाग होतं.

एका वर्षी आमची फाईल नव्या अधिकाऱ्यापुढं गेली. हा दक्षिणेकडचा तरुण गृहस्थ, फार सज्जन. त्यानं पासपोर्ट उलटापालटा केला आणि चक्रावला. त्याच्यापुढं येणारा प्रत्येक जण ‘मी इथं नव्हतो’ हे सिद्ध करायला यायचा. हा पहिलाच, जो ‘मी इथं होतो’ म्हणून शिक्के दाखवत होता. त्यानं हिंदीत विचारलं, “जानेवारीत कशासाठी आला होतात? कोणी आजारी होतं का?”

“नाही. हुरड्यासाठी.”

“हुरडा म्हणजे उत्पन्नाचं काही साधन आहे का?”

मी तोंडावर रुमाल धरला. सर मात्र खुर्चीत सरसावले आणि त्या अधिकाऱ्याला तासभर हुरडा शिकवला. कणीस निखाऱ्यात कसं खुपसायचं, कितपत करपू द्यायचं, गरम असतानाच तळहातावर कसं चोळायचं, फुंकर कधी मारायची, तिळाची चटणी आधी की लसणाची. बाहेर माझ्या मागचे दोन पक्षकार कंटाळून घरी गेले. शेवटी अधिकाऱ्यानं सही केली, टॅक्स लावला, आणि आम्ही दारापर्यंत गेल्यावर मला हळूच हाक मारली. “वकीलसाहेब, ही वस्तू मार्केटमध्ये मिळते का?”

हसलो मी खूप, पण एकदा जिन्यावर सरांना विचारलंच, “सर, खरं सांगा. तुम्हाला हुरडा मी शहागंजात तुमच्या घरी आणून देतो. हा हट्ट कशाचा?”

सर दोन पायऱ्या उतरले, थांबले. म्हणाले, “पोलीस ॲक्शनच्या वक्ताला आमचे दोघे बडे भाई निघून गेले, सरहद्दीपार. अब्बा म्हणाले, मी नाही जाणार. पण मोहल्ल्यात दिवस वाईट होते. तेव्हा रंग्याचा बाप बैलगाडी घेऊन आला आणि आम्हाला करमाडला घेऊन गेला. दिवाळी तिथं, हुरडा तिथं. मग परत आलो.” आणखी एक पायरी उतरून म्हणाले, “वकीलसाहेब, तिकडं मला सगळे इज्जतीनं बोलावतात. दावतीला बोलावतात, शादीला बोलावतात. करमाडला मला आजपर्यंत कुणी बोलावलं नाही. मी जातो.”

टॅक्सची वही काढावी तर ती वरच राहिली होती.

पण घरात खैरुन्निसाभाभी होत्या, आणि त्यांना हे कवतिक परवडत नव्हतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं बरं का. गल्लीत ज्यांचं कुणी आखातात गेलं, त्या प्रत्येकाचं घर दुमजली झालं होतं. यांच्याच घरावर पत्रे. भाभी मला म्हणायच्या, “वकीलभाई, बाकीच्यांचे मर्द सोनं आणतात. आमचे मास्तर टॅक्स भरायला येतात. सांगा, मी कुणाला तोंड दाखवू?” मी म्हणायचो, “भाभी, माझं ऐकत नाहीत.” एका उन्हाळ्यात, सर यायच्या आधी, भाभींनी मला न विचारता मार्ग काढला. लेकीला सोबत घेऊन एस.टी.त बसल्या आणि थेट करमाडला गेल्या.

रंगनाथरावांना टॅक्सबिक्स काही ठाऊक नव्हतं. शेतीच्या उत्पन्नाला तो नाही, त्यामुळं त्यांचा या भानगडीशी संबंधच आला नव्हता. भाभींनी सगळं सांगितलं. तुमच्या कणसांपायी माझ्या घरावर मजला चढत नाही, असं सरळ म्हणाल्या. रंगनाथरावांनी त्यांना चहा पाजला, भाकरी खायला घातली, गाडीत बसवून दिलं. पाऊस पडल्यावर विहिरीजवळच्या पट्टीत त्यांनी कपाशी टोचली. कपाशी उभी राहिली की त्या रानात त्या हंगामात ज्वारी पेरता येत नाही. म्हणजे हुरडा नाही. म्हणजे हबीब येणार नाही. हिशेब पक्का होता त्यांचा.

जूनच्या शेवटी सर आले, दुसऱ्याच दिवशी करमाडला गेले, आणि संध्याकाळी माझ्या ऑफिसात आले. गळ्यात टाय नव्हता. मी हादरलोच.

“रंग्यानं कपाशी लावली,” म्हणाले.

“मग चांगलं झालं की, सर! यंदा टॅक्स नाही. भाभींचा मजला...”

“मला म्हणाला, औंदा जानेवारीत येऊ नको, हबीब. हबीब म्हणाला. हबीब्या नाही म्हणाला.” सर खुर्चीत बसले. “आज त्यानं ‘येऊ नको’ म्हटलं. उद्या ‘ये’ म्हणेल. कळतं का तुम्हाला? म्हणजे आता मला बोलावल्यावर जायचं. एवढी एक जागा होती.”

पुस्तकात यावर कलम नव्हतं. सुटी संपल्यावर सर परतले. मी फाईलवर लिहिलं, यंदा कर नाही. सबंध वकिलीत मिळालेला सगळ्यात मोठा निकाल, आणि आनंद काडीचा नाही.

जानेवारीत एका सकाळी मी ऑफिस उघडतोय, तर जिन्यात बॅग घेऊन कोण उभं? टाय बांधलेला. म्हणाले, “चला करमाडला. तुमची स्कूटर चालू आहे ना?”

“सर! अहो, तिथं हुरडा नाही यंदा!”

“माहीत आहे.”

“मग शिक्का कशाला मारून घेतलात पासपोर्टवर? लागला ना आता टॅक्स!”

“वकीलसाहेब,” म्हणाले, “किक मारा.”

जालना रोडनं आम्ही निघालो. थंडी मी म्हणत होती. सर माझ्या मागं बॅग मांडीवर घेऊन बसलेले, टाय माझ्या कानावर फडफडतोय. करमाडला पोचलो तेव्हा पट्टीत कापसाची वेचणी चालली होती. रंगनाथराव बांधावर ओझं बांधत होते. त्यांनी मान वर केली, सरांना पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

सर बांधावर बसले. मी उगाच चिंचेकडं पाहत राहिलो.

शेवटी सर म्हणाले, “आगटी पेटव.”

“कशावर पेटवू? कापसावर?” रंगनाथराव उसळले. “वहिनीला काय सांगू मी? तुला लाज नाय का रं? घरावर पत्रे, आन् तू इमानात बसून कणसं खायला येतो?”

“माझ्या घरात काय भरायचं ते मी बघीन. तू आगटी पेटव.”

“अरं, पन भाजायचं काय?”

“काहीही भाज. दगड भाज.” सरांनी टाय सैल केला. “टॅक्स तर मी भरणारच आहे, रंग्या. निदान कशाचा तरी भरू दे.”

रंगनाथरावांनी सरांकडं बघितलं. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. मला वाटलं रडतायत, तर हसत होते. हसता हसता डोळे पुसले धोतराच्या सोग्यानं. “हबीब्या,” म्हणाले, “तू लई वाया गेलेला मानूस हायस.” शेजारच्या रानात हरभरा होता. तिथले डहाळे उपटून आणले, गोवऱ्या पेटवल्या आणि आम्ही घाटे भाजून खाल्ले. हात काळे झाले, तोंडं काळी झाली. सरांनी मला चार घाटे सोलून दिले आणि त्यातले दोन करपलेले होते. त्या घाट्यांवर त्या वर्षी भारत सरकारनं वर्षभराच्या पगाराचा टॅक्स वसूल केला.

पुढच्या साली पट्टी पुन्हा गुळभेंडीसाठी राखली गेली. दसऱ्याच्या सुमारास रंगनाथराव जन्मात पहिल्यांदा माझ्या ऑफिसची पायरी चढले. टोपी हातात घेऊन विचारलं, “वकीलसाहेब, मी ज्वारी उशिरा पेरली, हुरडा महिनाभर मागं गेला, तर सरकारला चालंल का?”

“महिन्यानं नाही भागायचं, रंगनाथराव. मार्च सरायला हवा.”

त्यांनी जरा विचार केला. “तवर थंडी ऱ्हायती कुठं? मंग भरू द्या त्याला,” म्हणाले आणि गेले. भाभींनीही नंतर नाद सोडला. सरांना मात्र त्यांनी एका गोष्टीवर बांधून घेतलं, हुरड्याचा एक डबा दर साली घरी आलाच पाहिजे. मजल्याचं त्या बोलल्या नाहीत, पण डब्यातला हुरडा कमी भरला तर दिवसभर बोलायच्या.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग सरांचं तिकडचं काम संपलं आणि ते कायमचे घरी आले. जमवलेल्या पुंजीत भाभींनी अखेर वरचा मजला चढवून घेतला, त्यात पुंजी संपली. उरली कॉलेजची थोडीशी पेन्शन. सर फाईल घेऊन आले. मी आकडे पाहिले आणि इतक्या वर्षांनी त्यांना गोड बातमी दिली, “सर, अभिनंदन! आता तुम्ही वर्षभर इथं राहा, वाट्टेल तितका हुरडा खा. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. कर शून्य.”

सर खूश होतील असं मला वाटलं होतं. ते चष्मा पुसत बसले.

“म्हणजे यंदा हुरडा फुकट?”

“साफ फुकट!”

“फुकट तर पाहुणे खातात, वकीलसाहेब,” म्हणाले आणि फाईल काखेत मारून जिना उतरून गेले. मी मनात म्हटलं, म्हातारा आता सरकारला देणगी देतो की काय!

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यात. दाण्यात दूध भरायला लागलं होतं आणि पाखरांची झुंबड उडाली होती. मी करमाडला गेलो तर रंगनाथराव पट्टीच्या कडेला कपाळावर हात धरून उभे. वर पाहतो, तर राखणीच्या उंच माळ्यावर हबीबसर. सत्तरीच्या घरातला माणूस, अंगात स्वेटर, गळ्यात टाय, हातात गोफण. पहाटे पहिल्या एस.टी.नं येऊन बसतात म्हणे, भाभी भाकरी बांधून देतात. राखणदार ठेवला होता त्याला, ‘यंदा हुरड्याचा टॅक्स मी असा भरणार’ म्हणून सरांनीच घरी पाठवलं होतं. पाखरांना इंग्रजीत दम देणं चाललं होतं, “गेट आउट! गेट आउट ऑफ माय क्लास!”

मी खालून ओरडलो, “सर, उतरा! पडाल एखाद्या दिवशी!”

“थांबा हो, अजून माझी राखण संपली नाही!” त्यांनी गोफण गरगर फिरवली आणि सोडली. दगड पट्टी ओलांडून पार पलीकडच्या ओढ्यात जाऊन पडला. कणसांवर बसलेल्या पाखरांतलं एकही हललं नाही. उलट दोन नवी येऊन बसली आणि दाणे टिपायला लागली.

मी हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात रंगनाथरावांनी माझा दंड धरला. वर माळ्याकडं नजर लावून हळूच म्हणाले, “बोलू नका, वकीलसाहेब. खाऊ द्या पाखरांना.”